करडांसाठी मागवलेलं लाल निपल: मालाला चार स्टार, फोटोला शून्य

शेळीला सड दोन आणि करडं झाली तीन, तिथून सगळी भानगड सुरू झाली. आमचं घर गोव्यात, डिचोलीपासून जरा आत, थोडी काजूची बागायत आणि सहा शेळ्या, धंदा वगैरे काही नाही, सासूबाईंचा जीव अडकलाय त्यांच्यात म्हणून आहेत. त्यातली काळी शिगम्यात व्याली आणि तीही नेमकी घोडेमोडणीच्या रात्री, घरातले बाकी सगळे लाकडी घोडे नाचताना बघायला गेलेले, लांबून ढोलांचा आवाज येतोय आणि गोठ्यात फक्त मी नि सासूबाई. पहिली दोन पटापट आली. मी चहा ठेवायला उठणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "राव गो बाय, आनीक एक आसा."

तिसरं म्हणजे अगदी मांजराएवढं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर दीड किलोसुद्धा भरेना. मोठ्या दोघांनी एकेक सड पकडून ठेवला आणि हे बिचारं मागून आईच्या पायाला धडका देत बसलं. तोंडात बोट घालून बघितलं तर तोंड गार, आणि गार तोंडाच्या करडाला दूध पाजायचं नसतं, आधी ऊब द्यायची, हे मला माहेरपासून ठाऊक होतं. गोणपाटाने खसाखसा पुसलं, बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून पोटाशी ठेवली, तोंड कोमट झालं तेव्हा काळीचा चीक वाटीत काढून चमच्याने थोडा थोडा पाजला. चिकात कुचराई करू नका बरं का. रोगाशी लढायची ताकद करडाला पोटात असताना आईकडून मिळत नाही, ती या चिकातूनच मिळते, आणि पहिला दिवस उलटला की कितीही पाजा, ती ताकद अंगात उतरत नाही.

माझं माहेर माणदेशातलं, धनगराचं. तिकडे मेंढ्यांच्या कळपात चार शेळ्या मुद्दाम ठेवायचे, ज्या कोकराला आई घेत नाही त्याला शेळीखाली धरायचं, त्यामुळे बाटली हा प्रकार मी लहानपणी बघितलाच नाही. इथे लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या पावसातच कळलं इथे मेंढरं का दिसत नाहीत ते. असल्या पावसात लोकर सुकायची कधी आणि खूर कुजायचे थांबायचे कधी! म्हणून इकडे शेळ्या. पण आमच्या बाकीच्या पाच त्या आठवड्यात एकतर गाभण नाहीतर आटलेल्या, मग त्याच रात्री मोबाईलवरून हे निपल मागवलं. ३ नगांचा सेट साडेतीनशेला.

यायला ६ दिवस लागले. गावातलं पार्सल म्हणजे तिठ्यावरच्या दुकानात ठेवून "घेऊन जा" म्हणून फोन करतात, त्याचा दोष मी निपलाला देणार नाही. तोवर चमचा, आणि पोरीची जुनी दुधाची बाटली. माणसाच्या बाळाचं निपल करडाला चालत नाही हो, फार मऊ आणि रुंद, ते चावून चपटं करतं आणि दूध गालातून बाहेर. हे लाल निपल मात्र लांबट, बारीक, बरोबर सडासारखं. खाली पिवळं झाकण असतं, त्यात हवा आत जायला बारीक गोळीचा वॉल्व्ह, त्यामुळे बाटली चेपत नाही आणि करडाला मध्ये थांबायला लागत नाही. पहिल्यांदा तोंडात दिलं तर शेपटी अशी हलवायला लागलं की पोरगी ओरडली, "आई, याचं मशीन चालू झालं!"

आता तक्रारी. एक, टोकाला भोक नसतं, ते आपण पाडायचं, आणि हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नाही. आमच्या ह्यांनी दहा मिनिटं बाटली पिळली आणि माल खराब म्हणून परत पाठवायला निघाले. ब्लेडने अगदी टोक कापा, जास्त कापलंत तर दूध धार लावून येतं आणि ठसका लागतो. बाटली उलटी धरली की थेंब थेंब पडायला हवं, एवढंच.

दोन, सगळ्या बाटल्यांवर बसतं असं लिहिलंय, खोटं आहे ते. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर घट्ट बसतं, पाण्याच्या बाटलीचे आटे वेगळे असतात, तिथून गळतं.

आणि तिसरी सगळ्यात मोठी, त्यांचा फोटो. फोटोत एक बाई करडू बाळासारखं मांडीवर उताणं घेऊन पाजतेय, दिसायला एकदम गोड. असं कधीही पाजू नका! करडू चार पायांवर उभं पाहिजे आणि मान थोडी वर ताणलेली, आईला पितं तसं. मान तशी असली की आत एक पन्हळ मिटते आणि दूध मोठ्या पोटाला वळसा घालून सरळ पचायच्या पोटात जातं. उताणं पाजलंत तर दूध फुफ्फुसात जाऊन करडू हातचं जाऊ शकतं. मी विकणाऱ्याला लिहिलं, उत्तर आलं "थँक्यू फॉर युवर व्हॅल्युएबल फीडबॅक". फोटो अजून तसाच आहे.

एक गंमत सांगायची राहिली, गोव्यातल्यांनी नीट वाचा. काजूचा सीझन आणि करडांचा सीझन एकत्र येतो आणि या दिवसांत प्रत्येक घरच्या फ्रिजमध्ये कोल्ड्रिंकच्या बाटलीत नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, भरलेला असतो. आमच्याकडे पहाटे सगळे बोंडं गोळा करायला बागायतीत, करडाला पाजायची ड्युटी पोरीची, परीक्षा चालू असताना. तिने झोपेत गढूळ पांढरट बाटली काढली, कोमट केली, निपल लावलं आणि गोठ्यात गेली. नशीब की करडाने एक घोट घेऊन असं तोंड केलं की तिलाच शंका आली. आता दुधाच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा असतो.

किती पाजायचं हे बऱ्याच जणांना विचारायचं असतं. आम्ही पहिले दोन दिवस दर तीन-चार तासांनी ५० मिली दिलं, नंतर हळूहळू वाढवत ८०-१०० वर नेलं आणि वेळा चारवर आणल्या. दूध आपल्या अंगापेक्षा किंचित गरम, ३८-३९ डिग्री, मनगटावर थेंब टाकून कळतं. शक्यतो शेळीचंच द्या. मधे एकदा काळी पुरी पडेना म्हणून पिशवीचं दूध अर्धं पाणी घालून दिलं आणि दोन दिवस गोठा धूत बसले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाणी कशाला घातलंत?

धुवायला कंटाळवाणं आहे. त्या गोळीच्या वॉल्व्हमध्ये साय अडकते आणि आंबूस वास मारतो, दरवेळी उकळायलाच लागतं. उन्हात सुकवू नका, एकाचं रबर वीसेक दिवसांत चिकट झालं.

घ्यावं का? घ्या, पण शेळी व्यायच्या आधी घ्या, माझ्यासारखं रात्री अकराला गोठ्यात बसून ऑर्डर करू नका. लहाना आता दीड महिन्याचा झालाय, फणसाची पानं खातो तरी बाटली दिसली की ह्यांच्या लुंगीला लोंबकळतो. दुसरी शेळी आता लवकरच व्यायची आहे, तिच्यासाठी नवा सेट मागवलाय. जुन्यातलं एक चिकट झालं, एक कापताना ह्यांनी वाया घालवलं आणि तिसरं परवा लहान्याने चावून खाल्लं.