ॲरे, ॲरेलिस्ट की लिंक्डलिस्ट? वर्गणीच्या यादीसाठी काय घ्यावं

समजा, बेळगावच्या शहापूर भागातल्या एखाद्या गणेश मंडळासाठी वर्गणीचा हिशोब ठेवणारा प्रोग्राम जावामध्ये लिहायचा आहे. पावत्या किती फाटतील हे विसर्जनापर्यंत कुणीच सांगू शकत नाही. साधा ॲरे, म्हणजे ओळीने नोंदी ठेवायच्या जागांचा संच, इथेच अडवतो. त्याची लांबी तयार करतानाच ठरते. 200 जागा धरल्या आणि 201 वा देणगीदार आला, की नवा मोठा ॲरे करा, जुना त्यात उतरवा, हा सगळा खटाटोप तुमच्याच गळ्यात.

ॲरेलिस्ट तो स्वतः करते. तिच्या आतही साधा ॲरेच असतो. ओपनजेडीकेमध्ये (जावाची मुक्त-स्रोत आवृत्ती) पहिली नोंद पडली की ती 10 जागा घेते, आणि त्या भरल्या की साधारण दीडपट ॲरे घेऊन सगळं तिकडे हलवते: 10, 15, 22, 33, 49... 500 नोंदींपर्यंत ही हलवाहलव 10 वेळा होते. ऐकायला जड वाटतं, पण नोंदीमागे सरासरी काढली तर खर्च किरकोळ. गेल्या वर्षीच्या पावती पुस्तकांवरून अंदाज असेल तर सुरुवातीलाच 500 ची क्षमता द्या, तेवढाही त्रास वाचेल. मात्र क्षमता दिली तरी यादी रिकामीच असते, साइझ 0 असतो. लगेच 'सेट' (असलेली नोंद बदलणं) वापरलंत तर इंडेक्सआउटऑफबाउंड्स एक्सेप्शन, म्हणजे 'अशी जागाच नाही' अशी एरर येणार. तिथे 'ॲड'च (नवी नोंद घालणं) हवं.

ॲरेचीही जागा आहे. बारा महिन्यांची जमा ठेवायची असेल तर तोच घ्या. निव्वळ आकडे लाखांनी असतील तर फरक मोठा पडतो: 'इंट' (जावाचा साधा पूर्णांक) 4 बाइटमध्ये बसतो, पण ॲरेलिस्टमध्ये 'इंट' ठेवताच येत नाही, तिथे इंटिजर ऑब्जेक्ट आणि त्याचा पत्ता, दोन्हींना मेमरी लागते.

राहिली लिंक्डलिस्ट. तिच्यात प्रत्येक नोंद वेगळ्या नोडमध्ये असते आणि नोड शेजारच्या नोडचा पत्ता बाळगतो. खानापूर-निपाणीहून बेळगावात इंजिनिअरिंगला आलेली आपली मुलं तोंडी परीक्षेसाठी पाठ करतात, 'मधे घालणं-काढणं असेल तर लिंक्डलिस्ट.' हे अर्धंच खरं आहे. नोड काढणं स्वस्त, पण त्याच्यापर्यंत टोकाकडून एकेक करत चालत जावं लागतं. ॲरेलिस्टला पुढच्या नोंदी सरकवाव्या लागतात, पण पत्ते सलग मेमरीत असल्याने ते काम झपाट्याने उरकतं. नुसती रांग हवी असेल तर ॲरेडेक (दोन्ही टोकांना घालता-काढता येणारी जावातली रांग) बरी. मी तरी वर्गणीच्या यादीला डोळे मिटून ॲरेलिस्ट घेईन.

एका ठिकाणी मात्र डोळे उघडे हवेत. पावती क्रमांकांची इंटिजर यादी आहे, 5 नंबरची पावती रद्द झाली आणि तुम्ही रिमूव्ह(5) लिहिलंत. जावा त्या 5 ला जागा समजते, आणि जागा 0 पासून मोजतात. म्हणजे सहावी नोंद उडते, भलत्याच देणगीदाराची. एररही येत नाही, चूक थेट हिशोब जुळवताना दिसते. तिथे रिमूव्ह(इंटिजर.व्हॅल्यूऑफ(5)) असंच लिहा.