पंधरा वर्षांचे मेल जुन्या डिस्कवरून नव्या कॉम्प्युटरवर: जळगावच्या एका दुकानाचा अनुभव

सावद्याला आमचं केळीच्या गाड्या भरायचं काम आहे. बिल्ट्या, काटा पावत्या, दिल्लीहून येणाऱ्या पट्ट्या (माल विकल्याचे हिशेब), फळपीक विम्याची पत्रं, सगळं २०११ पासून मेलवर. तेव्हा डोंगलचं नेट होतं आणि मेलबॉक्सला जागा कमी, म्हणून थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये पॉप ही मेल उतरवून घ्यायची पद्धत लावून घेतली होती. मेल उतरले की सर्व्हरवरून पुसले जायचे. म्हणजे त्या सगळ्या व्यवहाराची एकच प्रत, तीही टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या खोक्यात.

या एप्रिलमध्ये त्या खोक्यातून टक-टक आवाज यायला लागला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला होता, त्यामुळे नवा कॉम्प्युटर तसाही घ्यायचाच होता. तो घेतला आणि डेटा टाकायला जवळच्याच एका दुकानात दोन्ही मशीन नेऊन दिली. संध्याकाळी निरोप आला, "सगळा डेटा टाकला." घरी येऊन थंडरबर्ड उघडलं तर ते नवं खातं जोडा म्हणतंय, आत एक मेल नाही. त्यांनी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचललं होतं. थंडरबर्डचे मेल ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरमध्ये असतात आणि ॲपडेटा विंडोज लपवून ठेवतं. "जुनी डिस्क फॉरमॅट मारून देऊ का?" असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं होतं. ते आठवलं की आजही छातीत धस्स होतं.

मग यांनी घरीच पेनड्राइव्हवर घेऊन पाहिलं. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, निम्म्याहून जास्त मोकळा, तरी इनबॉक्सची फाइल मोठी आहे म्हणून नकार. जागा असून नकार का, हे आम्हाला कळेना.

शेवटी भाच्याने जळगावला गोलाणी मार्केटमधल्या एका दुकानात पाठवलं. एकच खोली, एक मालक, हाताखाली एक मुलगा. डिस्क हातात घेण्याआधी मालकाने विचारलं, "ताई, मेल पॉपवर वापरून राहिले का आयमॅपवर?" पॉप म्हटल्यावर त्याने हातातलं दुसरं काम बाजूला ठेवलं. आयमॅप असतं तर मेल सर्व्हरवरच असतात, नव्या कॉम्प्युटरवर खातं जोडलं की परत उतरतात. आमच्या पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून पुसलेच गेले होते. "आता ही डिस्क परत चालू करू नका, जेवढी फिरेल तेवढी बिघडेल," असं म्हणून त्याने ती खोलून वेगळी काढली.

पेनड्राइव्हचं कोडंही तिथेच सुटलं. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल सहसा एकाच फाइलमध्ये ठेवतं. आमची इनबॉक्सची फाइल ५.६ जीबीची झाली होती, आणि पेनड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. थंडरबर्डमध्ये एक्स्पोर्टची सोय आहे, पण तिचीही मर्यादा २ जीबी. त्यामुळे सबंध प्रोफाइलचं, म्हणजे थंडरबर्डचे मेल आणि सेटिंग ज्यात असतात ते फोल्डरच उचलावं लागतं, तेही थंडरबर्ड बंद असताना.

त्याने आधी अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि पुढचं सगळं काम नकलेवर केलं. एका दिवसात देतो म्हणाला होता, लागले तीन दिवस. भर गाड्यांच्या दिवसांत तीन दिवस फार झाले, आणि पहिल्या दोन दिवसांत त्याने स्वतःहून फोन केला नाही, हे मला आवडलं नाही. पण तिसऱ्या दिवशी जे सांगितलं त्यामुळेच मी हे लिहायला बसले. "ताई, एका फोल्डरमधले आठ मेल गेले." 'पट्टी २०१४' या फोल्डरच्या जुन्या सूचीत १२०६ मेल होते. ती सूची काढून टाकून नव्याने बांधून घेतल्यावर ११९८ भरले. डिस्कवरची तेवढी जागा वाचताच आली नव्हती. तो बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं. बिलाच्या पाठीमागे त्याने एकेका फोल्डरचं नाव, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा पेनाने लिहून दिला आहे. बाकी सगळे जुळतात. मी तिथेच खुर्चीवर बसून एकेक ताडून पाहिले.

त्यात 'अण्णा' नावाचं फोल्डर होतं. अण्णा म्हणजे माझे सासरे, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ते दिल्लीच्या आझादपूर मंडईत गेले की तिथून मला मेल टाकायचे. २०१३ चा एक उघडला: "गाडी पोचली. माल चांगला उतरला. ड्रायव्हरचे पैसे अडवू नको." दुकानातला मुलगा पाण्याचा ग्लास ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला.

पासवर्ड मला द्यावाच लागला नाही. साठवलेले पासवर्ड प्रोफाइलच्या फोल्डरमध्येच असतात, ते मेलबरोबर आले. पण याचा दुसरा अर्थ असा की ते फोल्डर ज्याच्या हाती, त्याच्या हाती तुमचं खातं. घरी आल्याबरोबर मी मेलचा पासवर्ड बदलला. मालकावर संशय म्हणून नाही. तीन दिवस डिस्क परक्या घरी होती, एवढंच. तुम्हीही बदला. आता पॉप चालूच आहे, पण मेल तीस दिवस सर्व्हरवर राहतील अशी खूण त्याने करून दिली, आणि दर महिन्याला प्रोफाइलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायला शिकवलं. ती डिस्क फॅट३२ नाही ना, तेवढं आधी बघा.

कामाचे ८०० रुपये घेतले. डिस्क ठेवून घेतल्याची पावती आपणहून देत नाहीत. मी मागितल्यावर सिरियल नंबर टाकून दिली, तेव्हा मागून घ्या. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. सावदा, रावेरकडून येणार असाल तर सकाळीच निघा, आणि जुना कॉम्प्युटर सबंध आणायची गरज नाही, नुसतं खोकं पुरतं, स्क्रीन आणि वायरी त्यांच्याकडे आहेत.