व्हिडिओ मंचाची कॉपीराइट-तक्रार व्यवस्था: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्या ऐकवून त्यांवर बोलणारे एक छोटे चॅनेल मी आणि गिरगावातले एक ज्येष्ठ संग्राहक मिळून चालवतो. मंचाचे नाव मुद्दामच घेत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने बहुतेक मोठ्या मंचांना लागू पडते. व्हिडिओ चढवणे, आवाजाचा दर्जा, प्रेक्षकांपर्यंत पोहोच याबद्दल माझी तक्रार नाही. ते सारे नीट चालते आणि फुकट चालते. हा अभिप्राय फक्त एका भागाविषयी आहे: कॉपीराइटचा क्लेम (व्हिडिओतल्या आवाजावर मालकीचा दावा), त्यावरची हरकत, अपील, टेकडाउन (तक्रारीवरून व्हिडिओ काढून टाकणे) आणि स्ट्राइक (चॅनेलच्या नावावर बसणारी शिक्षेची नोंद). चॅनेल सुरू करताना हा भाग कोणी पाहत नाही, आणि तो पाहण्याची वेळ येते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पहिला क्लेम आला तो १९३०च्या दशकातल्या एका ७८ आरपीएम तबकडीवर. पद 'संगीत स्वयंवर'मधले. नाटक १९१६चे, पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. बखले १९२२मध्ये गेले, खाडिलकर १९४८मध्ये. म्हणजे शब्दांवरचा हक्कसुद्धा २००८ अखेर संपला. ध्वनिमुद्रणाचा हिशेब वेगळा असतो, तो प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांचा. तबकडी त्या दशकाच्या अगदी शेवटची धरली तरी १९९९नंतर तिच्यावर कोणाचा हक्क उरत नाही. इतका स्वच्छ मामला क्वचितच मिळतो, आणि तरीही व्हिडिओखाली पिवळी पट्टी झळकली की अमुक मिनिटापासून तमुक मिनिटापर्यंतचा आवाज एका कंपनीच्या मालकीचा आहे.

हे घडते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. एखादी कंपनी जुन्या तबकडीची खरखर काढून ते पद एखाद्या संकलनात पुन्हा विकायला काढते आणि आपला सगळा संग्रह मंचाकडे नमुना म्हणून जमा करते. मंचाचे यंत्र प्रत्येक नव्या व्हिडिओच्या ध्वनीचा ठसा काढून तो त्या नमुन्यांशी ताडून पाहते. गाणारा तोच, घेतलेली तान तीच, तेव्हा ठसा जुळणारच. खरखर काढल्याने नवा हक्क निर्माण होतो की नाही यावर वाद घालता येईल, पण तो निर्माण झाला असे मानले तरी तो त्या साफ केलेल्या प्रतीपुरता असेल, आमच्या कपाटातल्या लाखेच्या तबकडीवर नव्हे. यंत्राला ध्वनी ओळखता येतो. कोणती प्रत कोणाची आणि मुदत कधी संपली, हे त्याला विचारलेलेच नसते. काका (संग्राहकांना मी काकाच म्हणतो) तेव्हा एवढेच म्हणाले, "अहो, ही आमच्या आजोबांनी रोख पैसे मोजून घेतलेली आहे. आता मालक कोण निघाला म्हणे?" तबकडी विकत घेणे आणि तिच्यावरचा हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, त्यांचा राग समोरच्याने काही न तपासण्यावर होता.

क्लेमचा टप्पा एकंदरीत सुसह्य आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. व्हिडिओ बहुधा चालू राहतो, फक्त जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे वळतात, आणि आमच्यासारख्या चॅनेलला त्या पैशांचे मोठेसे दुःख नसते. खरा प्रश्न हरकत घेताना सुरू होतो. फॉर्मवर कारण निवडायचे, मोजक्या अक्षरांच्या चौकटीत म्हणणे मांडायचे आणि पाठवायचे; पण ते म्हणणे मंचाच्या कोणा कर्मचाऱ्याकडे जात नाही, ज्याने दावा लावला त्याच्याकडेच निर्णयासाठी जाते. आमची हरकत कारण न देता फेटाळली गेली. त्यानंतर अपिलाचा जो पडदा उघडतो तो माणसाला मागे फिरवण्यासाठीच रचला असावा असे वाटते. अपील फसले तर व्हिडिओ काढला जाऊन स्ट्राइक बसेल, ही सूचना ठळक अक्षरांत; तिच्याखाली एकामागून एक खुणा करायच्या चौकटी; आणि मग आपले कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता व फोन, जे समोरच्या पक्षाला दिले जातील. घरचा पत्ता अनोळखी कंपनीला द्यायला काका तयार नव्हते, म्हणून माझा दिला. अपील केले, दावेदाराने मुदतीत उत्तर दिले नाही आणि क्लेम उठला. निकाल आमच्या बाजूने लागला असे म्हणता येईल, पण कोणी निकाल दिलाच नव्हता.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. एका अलीकडच्या ध्वनिमुद्रणातल्या गायकीवर आम्ही टीका करणारा व्हिडिओ केला होता, त्यात मुद्दा स्पष्ट करण्यापुरते लहान लहान तुकडे वाजवले होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये समीक्षेसाठी केलेला उचित वापर हा हक्कभंग नाही, असे स्पष्ट आहे. (दहा सेकंदांपर्यंत चालते, अशी जी समजूत चॅनेलवाल्यांत पसरली आहे तिला कायद्यात आधार नाही, कायद्यात सेकंदांचे माप कोठेच नाही, त्यामुळे कमी वाजवले एवढ्यानेच संरक्षणही मिळत नाही.) येथे क्लेमची पायरी आलीच नाही. थेट टेकडाउनची नोटीस आली, व्हिडिओ गेला आणि चॅनेलवर स्ट्राइक बसला. नव्वद दिवसांत असे तीन झाले की चॅनेलच बंद होते, म्हणजे इतकी वर्षे जमवलेले सगळे व्हिडिओ एकदमच जाणार.

यावर उपाय म्हणून मंच जी उलट-नोटीस पुढे करतो ती अमेरिकेच्या १९९८च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यातली आहे. ती देताना खोटेपणाबद्दल शिक्षेला पात्र राहण्याची अट मान्य करून आपले म्हणणे लिहून द्यावे लागते आणि अमेरिकेतल्या संघीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. त्यानंतर कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत तक्रारदाराने दावा दाखल केला नाही तर व्हिडिओ परत येतो. कागदावर हे ठीक दिसते. नोटीस पाठवण्यापूर्वी उचित वापराचा विचार केला पाहिजे, असेही तेथील नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१५मध्ये एका घरगुती व्हिडिओच्या खटल्यात म्हटले आहे. पण गिरगावात बसून नाट्यपदावर बोलणाऱ्या माणसाने कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाचा अधिकार मान्य करावा, ही अपेक्षाच बहुतेकांना गप्प बसवायला पुरेशी आहे.

विशेष म्हणजे आपल्याकडची तरतूद वापरकर्त्याला याहून अनुकूल आहे. कॉपीराइट नियम, २०१३मधल्या नियम ७५नुसार तक्रारदाराने लेखी तक्रारीतच दाखवून द्यावे लागते की संबंधित वापर कलम ५२च्या सवलतीत बसत नाही, आणि २१ दिवसांत न्यायालयात दावा दाखल करण्याची हमी द्यावी लागते. मध्यस्थाने (म्हणजे इतरांचे साहित्य दाखवणाऱ्या मंचाने) ३६ तासांत ते साहित्य बंद करायचे. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर ते पुन्हा खुले करण्याची त्याला मुभा आहे. म्हणजे न्यायालयाची पायरी चढायची ती तक्रार करणाऱ्याने. यात दोन उणिवा आहेत. एक, कायद्याचे शब्द क्षणिक किंवा आनुषंगिक साठवणीपुरते आहेत, त्यामुळे पूर्ण व्हिडिओ साठवणाऱ्या मंचाला ते किती लागू होतात यावर वकिलांत दुमत होऊ शकते. दोन, खुले करण्याची मुभा आहे, सक्ती नाही. पण माझ्या मते सर्वांत मोठी अडचण अशी की मंचाच्या फॉर्ममध्ये हा मार्ग निवडायची सोयच नाही. मी नियम ७५चा हवाला देऊन पत्र लिहिले, तर उत्तरात पुन्हा उलट-नोटिशीच्याच फॉर्मचा दुवा आला.

भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेही गेलो. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१च्या नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निवारण १५ दिवसांत, अशी मूळ तरतूद होती. पोच लगेच आली, मुदतीत उत्तरही आले, फक्त त्या उत्तरात आमच्या प्रश्नाला हात लावलेला नव्हता. त्याच नियमांत असेही आहे की मोठ्या मंचाने आपण होऊन काही काढले, तर आधी वापरकर्त्याला कारण कळवावे आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. हे 'आपण होऊन' फार महत्त्वाचे ठरते, कारण तिसऱ्याच्या नोटिशीवरून काढले म्हटले की मंच त्या बंधनातून अलगद निसटतो. या अधिकाऱ्याच्या वर सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समित्या आहेत. नियमांत ऑक्टोबर २०२२मध्ये दुरुस्ती झाली आणि जानेवारी २०२३मध्ये अशा तीन समित्या नेमल्या गेल्या. अधिकाऱ्याचे उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत तेथे ऑनलाइन अपील करता येते आणि त्यासाठी वकील लागत नाही. आमचे अपील तेथे आहे. या सगळ्या प्रवासात कागदपत्रे नीट मागणारा हा एकच फॉर्म मला भेटला.

हक्कधारकांची बाजू मला मान्य आहे. शुक्रवारी लागलेला मराठी चित्रपट संध्याकाळपर्यंत मोबाइलवर फिरू लागतो तेव्हा निर्मात्याने न्यायालयाच्या तारखेची वाट पाहावी असे कोणी म्हणणार नाही. पण त्या बाबतीतही मोजून मापून वागता येते, हे मुंबई उच्च न्यायालयानेच दाखवले आहे. जुलै २०१६मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या चोरीविरुद्धच्या अर्जावर न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करण्याऐवजी पडताळणी केलेले ठरावीक दुवे बंद करायला सांगितले, आणि बंद झालेल्या पानावर दाद कोठे मागायची हे लिहिलेले असावे असा आग्रह धरला. आमच्या व्हिडिओच्या जागी आज 'हा व्हिडिओ उपलब्ध नाही' एवढीच ओळ आहे. तो दुवा ज्यांच्याकडे होता त्यांतल्या काहींनी, आम्हीच घाबरून काढला का, असे विचारले.

या सगळ्याचा अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी संबंध काय, असे विचारले जाते. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५मध्ये ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले, शिवाय न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना आल्याशिवाय मध्यस्थाला मजकुराची 'प्रत्यक्ष माहिती' (जी असली की त्याच्यावर जबाबदारी येते) आहे असे धरता येणार नाही, असेही सांगितले. कॉपीराइटला मात्र हे कवच तसेच लागू होत नाही. डिसेंबर २०१६मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने हक्कधारकाने नेमके दुवे कळवले की तेवढे पुरे, न्यायालयीन आदेशाची गरज नाही, असे ठरवले. परिणाम उघड आहे. कोणाला टीका नकोशी झाली तर बदनामीचा दावा लावून वर्षानुवर्षे लढण्यापेक्षा कॉपीराइटची नोटीस भरणे कितीतरी सोपे, आणि त्यात टीका खरी की खोटी हा प्रश्नच उपस्थित होत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सरकारी सत्यशोधन कक्षाचा (केंद्र सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच कक्षाला देणारा) नियम रद्द झाला, तेव्हा आम्हां सर्वांना आनंद झाला होता. पण सरकारी नियमाला न्यायालयात आव्हान तरी देता येते; खाजगी कंपनीच्या फॉर्मपुढे करारातल्या अटी आड येतात. विनाकारण धमकी देणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याची सोय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६०मध्ये आहे. एका व्हिडिओसाठी दिवाणी दावा कोण लावणार, हा भाग निराळा.

आमच्या कामावर झालेला परिणाम आकड्यांत दिसत नाही. हयात गायकांवरचे दोन भाग आम्ही लिहून ठेवले आहेत, ध्वनिमुद्रित केलेले नाहीत. तुकडे वाजवण्याऐवजी मी तीच जागा पेटीवर वाजवून दाखवू लागलो, आणि मुरकी कशी घेतली हे पेटीवर दाखवता येत नाही हे कोणीही गाणारा सांगेल.

नव्याने येणाऱ्यांसाठी काही सूचना. तबकडीच्या लेबलचा आणि लेबलभोवती कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकाचा (ध्वनिमुद्रणाच्या ओळख-क्रमांकाचा) फोटो व्हिडिओ चढवण्यापूर्वीच काढून ठेवावा. अपिलात आम्हाला प्रकाशनाचा काळ त्यावरूनच दाखवता आला. गीतकार आणि संगीतकार यांची मृत्यूची वर्षे वर्णनातच लिहावीत. क्लेम, हरकत आणि उत्तर यांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपावेत, कारण काही पाने प्रकरण मिटल्यावर दिसेनाशी होतात. ज्यांचे सगळे साहित्य स्वतःचे आहे त्यांना मी हा मंच निःशंक सुचवीन. ज्यांना दुसऱ्याच्या कलाकृतीवर बोलायचे आहे त्यांनी मूळ फाइल स्वतःजवळ ठेवूनच यावे. मी पाचपैकी दोन तारे देतो. आमच्या स्ट्राइकची मुदत संपून तो आपोआप निघाला आहे. व्हिडिओ परत आलेला नाही, आणि अपील समितीचा निकाल अजून यायचा आहे.