कानबाईचं शूटिंग, ९ हजारांचा सौदा आणि ३० सेकंदांचा नमुना

आमच्याकडे, खानदेशात, कानबाई देवी बसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सुरत-पुण्याकडचे सगळे भाऊबंद गावी जमतात, रोटांचा नैवेद्य होतो, आणि सोमवारी वाजतगाजत बोरी नदीवर विसर्जन. दोन वर्षांपूर्वी आजीने कानबाई डोक्यावर घेतली, ती शेवटचीच ठरली. मी मोबाइल हातात धरून, बँडच्या कधी मागे कधी पुढे पळत, १ तास ४० मिनिटं सलग शूटिंग केलं होतं. बघायला बसलं की गरगरतं. पण आजीचं तेवढंच राहिलंय.

हलणारं चित्र स्थिर करून घ्यायला जळगावात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणाऱ्या एकाकडे गेलो. तो म्हणाला, "दादा, हे मोशन ट्रॅकिंगचं काम आहे. माणूस बसवून एकेका फ्रेमवर पॉइंट लावावा लागतो. सॉफ्टवेअर परदेशी, लायसन्स महाग." मिनिटाला ९० रुपये, म्हणजे ९ हजार. त्यातले ५ हजार आगाऊ. मी म्हटलं, आधी नमुना दाखव. त्याने ३० सेकंद करून पाठवले. स्टँडवर कॅमेरा लावून काढल्यासारखे! त्याच संध्याकाळी पैसे टाकले.

फसलो तो इथेच. नमुन्याचा तुकडा त्याने निवडला होता. मिरवणूक निघण्याआधी मी मांडवात, भर उजेडात, खांबाला टेकून उभा होतो, तो तुकडा. तिथे नुसता हात थरथरत होता. एवढं तर कुठलंही फुकटातलं सॉफ्टवेअर करून देतं.

नंतर वाचून, विचारून कळलं ते असं. सॉफ्टवेअर चित्रातल्या ठळक जागा पकडतं, भिंतीचा कोपरा, खिडकीची चौकट, आणि पुढच्या फ्रेममध्ये त्या किती सरकल्या ते मोजतं. मग चित्र तेवढंच उलट सरकवतं. सरकवलं की कडेला काळी पट्टी उघडी पडते, ती झाकायला चित्र मोठं करावं लागतं. जितका हादरा मोठा तितकं चित्र जास्त कापलं जातं. समोर शंभर माणसं नाचत असतील तर सॉफ्टवेअर माणसांनाच भिंत समजतं. आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात चालत काढलेल्या फ्रेम मुळातच फराटलेल्या असतात. चित्र जागेवर आणलं तरी फराटा तसाच.

हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही. माझंही डोकं चाललं नाही. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे १०० मिनिटांच्या १ लाख ८० हजार. एका फ्रेमला एकच सेकंद धरला तरी ५० तास! ९ हजारात कोण बसणार?

तीन आठवड्यांनी फाइल आली. पहिली दहा मिनिटं बरी. मग चित्र इतकं मोठं केलेलं की आजीच्या डोक्यावरची कानबाई वरून कापली गेली. नाचणारे जागच्या जागी आणि मागची घरं डुलताहेत. मावशी तर म्हणाली, "यामा मनी माय कोठे शे रे?" (यात माझी आई कुठे आहे रे?) चाळीस मिनिटांनंतर काहीच केलेलं नव्हतं, फक्त कोपऱ्यात फुलांची वेल चिकटवलेली. एका ठिकाणी वेल उशिरा उगवली तेव्हा खाली ट्रायल व्हर्जनचा शिक्का दिसला. भाच्याने पहिल्या दहा मिनिटांच्या तुकड्याची माहिती उघडून पाहिली, तर आत 'लाव्फ' असं लिहिलेलं. ती एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरची खूण, तो म्हणाला, आणि ते फुकट मिळतं. फुकटचं साधन वापरलं याचा राग नाही, चांगलंच आहे ते. राग आहे माणूस बसवल्याचे पैसे घेतल्याचा.

दुकानात गेलो तर म्हणे, "रेंडरला असंच होतं. अजून २ हजार द्या, दुसऱ्या सॉफ्टवेअरवर घेतो." मूळ पेनड्राइव्ह मागितला, तर बाकी दिल्याशिवाय नाही. नशीब, एक कॉपी सुरतच्या चुलतभावाकडे होती.

पावती नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि यूपीआयची नोंद एवढ्यावर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक त्याला पाठवला तेव्हा दीड हजार परत आले.

कुणाला असं काम द्यायचंच असेल तर सगळ्यात वाईट दोन मिनिटं तुम्ही काढून द्या, चालतानाची, गर्दीतली, अंधारातली, आणि नमुना त्याचाच मागा. चित्र किती कापलं जाणार तेही आधी लिहून घ्या. मूळ फाइल देऊ नका, कॉपी द्या.

आता मी डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीवर दोन-दोन मिनिटांचे तुकडे करतोय. चौदा मिनिटं झाली. नदीकाठचा भाग हात न लावता तसाच ठेवलाय, तिथे सावरण्यासारखं काही नाही. पेनड्राइव्ह अजून त्याच्याकडेच आहे.