खाऱ्या पाण्यासाठी ऊर्जा: आरओ की ऊर्ध्वपातन?

समुद्राच्या पाण्यातून 1 घनमीटर गोडे पाणी काढायला चांगल्या आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून गाळणे) प्रकल्पात साधारण 3 ते 4 युनिट वीज लागते. बहुतेक वीज खाते ती 55 ते 70 बार दाब देणारी मुख्य पंपयंत्रणा. बाहेर पडणाऱ्या क्षारजलातही (गोडे पाणी काढल्यावर उरलेल्या जास्त खाऱ्या पाण्यातही) बराच दाब शिल्लक असतो. तो प्रेशर एक्स्चेंजरने (क्षारजलाचा दाब आत येणाऱ्या पाण्याला देणाऱ्या उपकरणाने) परत घेतला नाही, तर वीज जवळपास दुप्पट लागते. म्हणून पंप निवडण्याआधी हे उपकरण ठरवा.

ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे पाण्याची वाफ करून ती थंड करण्याचा, हिशेब उष्णतेचा आहे. 1 घनमीटर पाण्याची नुसती वाफ करायला 600 युनिटांहून जास्त उष्णता लागते. बहुटप्पा फ्लॅश पद्धतीत (गरम पाणी कमी-कमी दाबाच्या टप्प्यांतून नेऊन वाफ करण्याच्या पद्धतीत) तीच उष्णता पुन्हापुन्हा वापरून हा आकडा 60 ते 80 पर्यंत उतरतो, शिवाय पंपांची वीज वेगळी. वीजकेंद्राची वापरून झालेली वाफ मिळत असेल तरच हे परवडते.

आरओला गढूळ पाणी आणि क्लोरीन सोसत नाही: पॉलिअमाइड पडदा क्लोरीनने कायमचा खराब होतो, त्यामुळे पाण्यात क्लोरीन असेल तर पडद्याआधी ते काढणारे सोडियम बायसल्फाइट द्यावे लागते. ऊर्ध्वपातन गढूळपणा बऱ्यापैकी सोसते, पण तापमान वाढले की नळ्यांवर क्षारांचे थर चढतात. स्वस्त वाफ हाताशी नसेल, तर आरओच घ्या.