जेथ्रो टल: 'रोकफ्लोट' घ्यावा की 'क्युरिअस रुमिनंट'?

जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचे 'ॲक्वालंग' आणि 'थिक ॲज अ ब्रिक' हे सत्तरच्या दशकातले अल्बम ज्यांना तोंडपाठ आहेत, पण पुढचं टल ज्यांनी सोडून दिलं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या इंदुरात अशी मंडळी मोजकी आहेत आणि भेटली की एकच विचारतात: नव्यातलं एकच घ्यायचं तर कोणतं? बाहेरून एलपी मागवायची म्हणजे खिशाला चांगलीच चाट बसते, तेव्हा विचारणं रास्तच आहे.

२००३चा ख्रिसमसचा अल्बम सोडला तर १९९९नंतर टलकडून नवं काहीच आलं नव्हतं. मग २०२२मध्ये 'द झेलट जीन', २०२३मध्ये 'रोकफ्लोट' आणि मार्च २०२५मध्ये 'क्युरिअस रुमिनंट' आला. गिटारवर दर वेळी नवा माणूस: फ्लोरियन ओपाले, जो पॅरिश, जॅक क्लार्क. जुना गिटारवादक मार्टिन बार नाही म्हणजे हे टलच नाही, असं म्हणणारे माझे मित्र आहेत आणि त्यांचं दुःख मला कळतं. पण बँडचा म्होरक्या, गायक इयन अँडरसनची बासरी आणि त्याचे शब्द आहेत तोवर मी याला टलच म्हणणार. 'झेलट जीन' इथे बाजूला ठेवतो. वाईट मुळीच नाही, पण चुरस खरी उरलेल्या दोघांत आहे.

'रोकफ्लोट' पहिल्याच ऐकण्यात पकड घेतो. विषय नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणांचा: ओडिन, थॉर, लोकी, शेवटचा महासंहार. सुरुवातीलाच आइसलँडच्या गायिका उन्नूर बिर्नाच्या आवाजात जुन्या नॉर्स काव्याच्या ओळी येतात, भाषा कळत नाही तरी अंगावर काटा येतो. मागोमाग पॅरिशची गिटार घुसते. इतकं वजनदार टल बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. थॉरच्या गाण्यातला ठोका तर सत्तरच्या दशकातल्या चाहत्यालाही उठून बसवेल.

तरी एक गोष्ट मला पहिल्यापासून खुपली आणि अजून खुपते. गाणी फुलायच्या आत संपतात. बहुतेक गाणी चार मिनिटांच्या आतबाहेरची, ओडिनसारख्या देवाचं तर तीन मिनिटांच्याही आत आटोपतं. अँडरसन तापला की फुंकीत गळ्याचा आवाज मिसळतो. सूर फाटल्यासारखा होतो, जीभ फडफडते, आणि बासरी एकदम माणसासारखी गुरगुरायला लागते. टल आपण त्या गुरगुरण्यासाठीच ऐकतो ना? 'रोकफ्लोट'मध्ये ती येते, दोन आवर्तनं घेते, की लगेच पुढचं कडवं दारात उभं. त्यातून सगळ्या गाण्यांची बांधणी जवळपास एकच: आधी देव, मग आजच्या जगातलं त्याचं प्रतिबिंब, मग परत देव. अर्धा अल्बम झाला की पुढचं वळण कानाला आधीच कळतं.

हा कदाचित माझ्या कानांचा दोष असेल. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या गावात वाढलो, घरात त्यांच्या ध्वनिमुद्रिका लागायच्या. झूमरा तालातला तो अतिविलंबित ख्याल, एकेका सुरापाशी थांबत होणारी बढत, हे ज्याने लहानपणापासून ऐकलंय त्याला तीन मिनिटांत उरकलेली बासरी पचायला जडच जाते. मला पहिल्यांदा प्रोग रॉक, म्हणजे टलसारख्यांचं लांबलचक रचनांचं रॉक, आवडलं तेही याच कारणाने: तिथेही घाई नव्हती.

'क्युरिअस रुमिनंट' हीच घाई सोडतो. नऊच रचना, आणि त्यातली शेवटून दुसरी 'ड्रिंक फ्रॉम द सेम वेल' सोळा मिनिटांच्या वर जाते. शब्द यायच्या आधी बासरी निवांत फिरते, पियानो तिच्या मागून चालतो, लय बदलते, परत मूळ जागी येते. अँडरसनला आता कुठे पोहोचायचं नाही, असं वाटतं. इतर गाणी लहान आहेत, पण एका साच्यातली नाहीत. अकॉर्डियन मधूनच डोकावतो, आणि शब्द देवांबद्दल नसून स्वतःबद्दल, वयाबद्दल, उरलेल्या प्रश्नांबद्दल आहेत.

आवाजाचंही बोललं पाहिजे. 'क्युरिअस रुमिनंट' आला तेव्हा अँडरसन ७७ वर्षांचा होता, आणि फुप्फुसांचा जुनाट आजार असल्याचं त्याने २०२०मध्येच सांगितलं होतं. वरची पट्टी आता नाही. 'रोकफ्लोट'मध्ये त्या आवाजाला गिटारच्या भिंतीशी झुंजावं लागतं आणि जुन्या चाहत्याचा जीव खालीवर होतो. 'क्युरिअस रुमिनंट'मध्ये सूर खाली उतरवलाय, ओळी आखूड केल्यात. हेडफोनवर दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वास स्वच्छ ऐकू येतो, आणि पुढची ओळ त्या श्वासाच्या मापानेच बेतलेली असते. शेवटच्या रचनेत तर तो गात नाही, नुसता बोलतो. मला ते फार भावलं.

न्यायाने सांगायचं तर 'क्युरिअस रुमिनंट' पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही. संयम हवा. ज्यांना गिटार हवी, किंवा महूच्या रस्त्याला गाडीत लावायला काही हवंय, त्यांनी 'रोकफ्लोट' बेलाशक घ्यावा. त्यांना तो अधिक रुचेलही. पण घरी बसून ऐकणार असाल आणि 'थिक ॲज अ ब्रिक'ची पूर्ण बाजू उठून न बदलता ऐकायची सवय असेल, तर मी 'क्युरिअस रुमिनंट'च मागवा म्हणेन. मागवण्याआधी मोबाइलवर चाचपून बघणार असाल तर लांब रचनेपासून सुरुवात करू नका. आधी शीर्षकगीत ऐका, मग 'डन्सिनेन हिल', आणि ती सोळा मिनिटं फोन बंद ठेवता येईल अशा रविवारी.