जुन्या तबकड्यांची सफाई: सॉफ्टवेअरवर सोपवावी की हाताने करावी?

जुन्या गायकांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्यांवरून नवा अल्बम काढू पाहणाऱ्यासमोर दोन मार्ग असतात. पहिल्यात गाणे सुरू होण्यापूर्वीच्या कोऱ्या रेघेतील खरखरीचा नमुना सॉफ्टवेअरला देऊन तेवढा आवाज संपूर्ण मुद्रणातून वजा केला जातो. दुसऱ्यात तबकडी धुऊन, तिच्या रुंद खाचेला साजेशी जाड सुई निवडून, टिकटिक एकेक पाहून हाताने काढली जाते आणि मागची खरखर बरीचशी तशीच ठेवली जाते. मी दोन्ही वापरले आहेत. वेळेच्या हिशेबात पहिला मार्ग उघडच सरस आहे, आणि प्रथम ऐकताना त्याची स्वच्छता थक्क करते.

मला खटकला तो तानपुरा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या १९३०च्या दशकातील मुद्रणांत, उदाहरणार्थ भैरवीतल्या ‘जमुना के तीर’मध्ये, गळा ज्या तारांवर विसावतो त्या तारा ऐकू येणे मला अत्यावश्यक वाटते. पण जवारीचे, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांच्या झणझणत्या गुंजनाचे, वरचे स्वरांश आणि लाखेच्या तबकडीची खरखर एकमेकांत इतकी मिसळलेली असते की सॉफ्टवेअरला त्यांतला भेद कळत नाही. गायक श्वासासाठी थांबला की तानपुरा नाहीसा होतो आणि आलापी सुरू होताच पुन्हा उगवतो. स्वराची सरत जाणारी आसही अर्ध्यात तुटते, आणि किराणा घराण्याच्या गायकीत ती आस म्हणजे निम्मे गाणे, असे माझे मत आहे. हा दोष एकदा कानाला जाणवला की मग दुसरे काही ऐकूच येत नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी फेऱ्यांचा वेग आधी ठरवावा, कारण ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर काळी एकचा षड्ज जवळजवळ पांढरी दोनवर, म्हणजे पेटीच्या पुढच्याच पट्टीवर जातो.

मायक्रोफोनपूर्व काळात भोंग्यासमोर गाऊन केलेल्या मुद्रणांत, जशी गायिका गौहरजान यांची १९०२ची, तानपुरा मुळातच फारसा उमटलेला नसतो. तिथे पहिला मार्ग बेताने वापरण्यास माझी हरकत नसते. विद्युत-मुद्रणाच्या, म्हणजे मायक्रोफोन आल्यानंतरच्या, काळातील तबकड्यांसाठी मात्र मी दुसराच सुचवीन. तरीही सॉफ्टवेअर वापरायचे असेल, तर त्याने वजा केलेला भाग तेवढा वेगळा ऐकावा आणि त्यात तारेचा किंवा गळ्याचा मागमूस लागताच वजाबाकीचे प्रमाण कमी करावे.